रोहिणीचा पंधरवडा : कुंड्यांची पावसापूर्वीची मशागत

वैशाख सरत आला की मराठी मुलखातील घराघरांत बेगमीची घाई सुरू होते. धान्याला ऊन दाखवून कोठ्या भरल्या जातात, मिरच्या कांडून वर्षाचे तिखट होते, पापड-कुरडयांचे डबे फळीवर चढतात, दुकानाच्या आणि गोदामाच्या पत्र्यांची डागडुजी होते. पावसाळ्यात जे करता येणार नाही ते आधीच उरकून ठेवायचे, हा या लगबगीमागचा सरळ हिशेब असतो. या यादीतून एक काम मात्र बहुधा निसटते. ते म्हणजे गॅलरीतल्या आणि गच्चीवरच्या कुंड्यांचे. 'आता पाऊस येईल, झाडांना पाणी मिळेल, त्यांचे आपोआप भागेल' अशी समजूत असते. प्रत्यक्षात घडते ते उलटेच. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तग धरून राहिलेली रोपे आषाढ-श्रावणात पिवळी पडतात, पानांखाली पांढरा कापूस दिसू लागतो, आणि मग घरातील कोणीतरी बाजारातून फवारणीची बाटली घेऊन येतो.

सूर्य रोहिणी नक्षत्रात साधारण २५ मेच्या सुमारास प्रवेश करतो आणि ७-८ जूनला मृग नक्षत्र लागते. शेतकरी या पंधरवड्यात रान पेरणीयोग्य करून ठेवतो. कुंडी हेही एक लहानसे शेतच आहे आणि तिचीही मशागत याच दिवसांत व्हायला हवी. जैन कुटुंबांना यासाठी आणखी एक कारण आहे. आषाढ शुक्ल चतुर्दशीला चातुर्मास बसतो आणि त्या काळात माती उकरणे, हिरवे तोडणे शक्य तितके टाळण्याचा नेम अनेक घरांत पाळला जातो. रोहिणीच्या पंधरवड्यात कामे उरकली तर नेमही निभतो आणि रोपही. घरात फवारणीची वेळ येते ती पुष्कळदा मे महिन्यात न केलेल्या कामांमुळे, एवढे ध्यानात आले तरी निम्मे काम झाले.

रोप बुडते, कोरडे पडत नाही

घरातील रोपे पाणी न मिळाल्याने दगावतात असे सर्वसाधारण मत आहे. कुंडीतील रोपांच्या बाबतीत मात्र अतिपाणी हेच मृत्यूचे फार मोठे कारण असते. मुळे पाणी शोषतात, तशीच ती श्वासही घेतात. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते व तिच्यातील प्राणवायूवर मुळे जगतात. कुंडीत पाणी साचून राहिले की या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि दुबळ्या झालेल्या मुळांवर कुजवणाऱ्या बुरशी चढतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात. ती पाहून रोप तहानले आहे असे वाटते आणि आणखी पाणी घातले जाते. अशा रीतीने काळजीपोटीच रोपाचा घात होतो.

यावरचा उपाय साधा आहे. पाणी वारानुसार किंवा घड्याळानुसार न घालता मातीला विचारून घालावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल लागली तर पाणी नको, कोरडे लागले तर पाणी घालावे. कुंडी लहान असेल तर ती उचलून पाहावी, चार दिवसांत हाताला वजनाचा अंदाज येतो. पाणी घालताना मात्र ते खालच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत घालावे. रोज वरवर शिंपडलेल्या अर्ध्या तांब्याने वरची माती तेवढी भिजते आणि खालची मुळे कोरडीच राहतात.

पाणी कोणते, हाही प्रश्न आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते त्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला चालते, कुंडीत रोज घालू नये. बोअरवेलच्या जड पाण्यानेही मातीवर पांढरा थर धरतो. तो वरचेवर खरवडून काढावा. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, ते रोपांना घालायला हरकत नाही.

पंधरवड्यातील कामे

पहिले काम कुंडीच्या छिद्रांचे. वर्षभरात ती मुळांनी आणि घट्ट झालेल्या मातीने बुजलेली असतात. कुंडी आडवी करून जाड काडीने छिद्रे मोकळी करावीत. छिद्रावर खापराचा एक वाकडा तुकडा पुरेसा असतो. खाली विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारत नाही. उलट मुळांच्या वाट्याची माती कमी होते.

दुसरे काम कुंडी बदलण्याचे. ज्या रोपाची मुळे छिद्रातून डोकावू लागली आहेत, किंवा पाणी घालताच ते मातीत न मुरता कडेने वाहून जाते, त्या रोपाला नवी कुंडी हवी. ती पहिल्यापेक्षा दोनच इंचांनी मोठी घ्यावी. लहान रोपाला एकदम मोठी कुंडी दिली तर मुळे पोचत नाहीत अशी पुष्कळ माती ओली राहते आणि कुजण्याला आरंभ होतो. हे काम उन्हे उतरल्यावर करावे आणि नंतर आठवडाभर रोप सावलीत ठेवावे.

तिसरे काम मातीचे. दोन भाग चांगली माती, एक भाग जुने कुजलेले शेणखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजेच कोकोपीट, हे मिश्रण बहुतेक रोपांना मानवते. बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. सोलापूर, लातूर, जळगाव या भागांतील काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. कुंडीत ती एकटी वापरू नये, तिच्यात भुसा व जाड वाळू अधिक घालावी. कोकणातील व कोल्हापूरच्या पश्चिमेकडील तांबडी माती पाणी लवकर सोडते. तिला शेणखत अधिक लागते.

जुनी माती उन्हात तापवून घ्यावी असा सल्ला सर्रास दिला जातो. मातीतील बुरशीबरोबर अनेक लहान जीवही त्या तापीने मरतात. ज्यांना हे टाळायचे असेल त्यांनी माती सावलीत पातळ पसरून दोन-तीन दिवस ठेवावी. मुंग्या आणि अन्य किडे आपल्या वाटेने निघून जातात, आढळलेली गांडुळे ओल्या मातीसह एखाद्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी सोडता येतात. रोगाने मेलेल्या रोपाची माती मात्र दुसऱ्या कुंडीत घालू नये.

येथे खरेदीची एक बाब सांगायला हवी. नर्सरीत पिशवीबंद मिळणाऱ्या तयार मातीत आणि फुलझाडांच्या खतात बोनमील, म्हणजे जनावरांच्या हाडांचा चुरा, पुष्कळदा मिसळलेला असतो. माशांपासून केलेली द्रव खतेही बाजारात आहेत. पिशवीवर 'सेंद्रिय' एवढेच मोठ्या अक्षरांत असते, घटक बारीक अक्षरांत. जे घर खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील घटक वाचल्याशिवाय ते आत घेत नाही, त्याने खताची पिशवीही तशीच वाचावी, आणि सुटे खत घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारावे. बोनमील घातले जाते ते स्फुरदासाठी. तांबड्या, आम्लधर्मी मातीत तेच काम रॉक फॉस्फेट हा खनिज चुरा सावकाश करतो. काळ्या, चुनखडीच्या मातीत तो नीट विरघळत नाही, तेथे सिंगल सुपर फॉस्फेट उपयोगी पडते. तेही याच खनिजावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून तयार होते. मोहरीची पेंड आणि शेणखत हे तर जुनेच खात्रीचे पर्याय आहेत.

चौथे काम छाटणीचे. वाळलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या काढून रोप आतून मोकळे करावे. दाट झाडोऱ्यात वारा खेळत नाही आणि पावसाळी दमटपणात तेथेच बुरशी व कीड आधी बसते.

पाचवे काम सुरक्षिततेचे, आणि ते सर्वांत आधी करावे असे आहे. वळवाचा वारा कठड्यावरची कुंडी सहज खाली लोटतो आणि खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतते. कठड्यावरच्या सर्व कुंड्या मे महिन्यातच खाली घ्याव्यात. वजनाचाही हिशेब करावा. बारा इंची कुंडीत सुमारे पंधरा लिटर माती मावते आणि ती पावसाने पूर्ण भिजली की कुंडीसह वीस किलोच्या घरात जाते. अशा वीस कुंड्या म्हणजे चारशे किलो. जुन्या इमारतीच्या गॅलरीत हा भार बाहेरच्या कडेला न ठेवता आतल्या भिंतीलगत ठेवावा आणि शक्य तेथे कोकोपीटचे प्रमाण वाढवून तो कमी करावा.

पावसाचे चार महिने

मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरात तो पाचशेच्या आसपास असतो. त्यामुळे एकच नियम दोन्हीकडे लागू पडत नाही. कोकणपट्टीत कोरफड, अडेनियम, स्नेक प्लांट अशी खोडा-पानांत पाणी साठवणारी रोपे जूनपासून छपराखाली न्यावीत. देशावर जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा मोठा खंड पडला की गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी द्यावे लागते. गॅलरीवर छज्जा असेल तर बाहेर धो धो पाऊस असूनही आतली कुंडी कोरडीच असते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून ठेवणे उत्तम. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवली की काम भागते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. ताटल्या ठेवायच्याच असतील तर आठवड्यातून एकदा रिकाम्या करून आतून घासून कोरड्या कराव्यात, कारण ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकू शकतात. पाणी साठूच दिले नाही तर ना आजार, ना नंतरची हिंसा.

किडीचा प्रश्न

पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी, लाल कोळी ही घरगुती बागेतील नेहमीची मंडळी. कापसासारखी पुंजक्यांनी दिसणारी पिठ्या कीड जास्वंदीवर विशेष रमते. तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या तिची राखण करतात आणि तिला फांदीवरून फांदीवर पोचवतात. म्हणून रोपावर मुंग्यांची रांग दिसली की ती पहिली सूचना समजावी.

कीड येण्यामागे कारणे असतात. अतिनत्र खताने आलेली लुसलुशीत पालवी तिला आवडते. कोरड्या, धुळीने भरलेल्या पानांवर लाल कोळी वाढतो. उजेड अपुरा असला की रोप दुबळे होते. पालवीचा भर ओसरेपर्यंत खत थांबवणे, पाने ओल्या फडक्याने पुसणे, कुंड्यांत वीतभर अंतर ठेवणे आणि नव्याने आणलेले रोप दोन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवणे, या चार सवयींनी पुष्कळ कीड येतच नाही. रोहिणीत केलेली छाटणी आणि निचरा यांचाही यात मोठा वाटा असतो.

एवढे करूनही कीड आलीच तर क्रमाने जावे. रोप प्रथम बाजूला करावे. मावा असेल तर पाण्याच्या धारेने तो खाली उतरतो. पिठ्या कीड थोडी असेल तर मऊ ओल्या कापसाने टिपून दूर झाडीत सोडता येते. फांदी पूर्ण व्यापली असेल तर ती फांदीच काढून घराबाहेर झाडोऱ्यात ठेवावी. लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाच्या द्रावाचे काही थेंब ही फवारणी सर्वपरिचित आहे. निंबोळीतील घटकाने किडीचे खाणे सुटते व वाढ खुंटते आणि साबणाने मऊ अंगाचे कीटक मरतातही. ती सेंद्रिय आहे म्हणून अहिंसक आहे, असे मानून चालणार नाही. वनस्पतिकायातही जीव मानणाऱ्या कुटुंबाला येथे रोप आणि कीड यांच्यात निवड करावी लागते. ती वेळच येऊ नये, हाच आधीच्या मशागतीचा खरा अर्थ.

रासायनिक कीटकनाशकांबाबत एवढे सांगणे आवश्यक आहे की, त्यांच्या वेष्टनावर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत तीव्र, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा त्रिकोण सर्वांत सौम्य खरा, पण निर्धोक नव्हे. ही द्रव्ये लहान मुले, वृद्ध आणि बंद खोल्या असलेल्या घरात वापरण्याजोगी नाहीत.

घरातील रोपे आणि उजेडाचे गणित

घरातील रोप कोठे ठेवावे हे सोफ्याच्या रंगावरून न ठरवता उजेडावरून ठरवावे. मानवी डोळा अंधाराशी चटकन जुळवून घेतो, त्यामुळे खोली आहे त्याहून उजळ भासते. सोपी चाचणी अशी : दिवे बंद करून दुपारी पांढरा कागद रोपाच्या जागी ठेवावा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सावली ठसठशीत पडली तर उजेड भरपूर, पुसट पडली तर मध्यम, आणि दिसलीच नाही तर तेथे कोणतेही रोप फार दिवस टिकणार नाही.

दिशेचाही विचार करावा. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. त्यामुळे हिवाळ्यात ज्या दक्षिणेच्या खिडकीत ऊन आतपर्यंत येते, ती खिडकी पावसाळ्याच्या तोंडी उन्हाला मुकते. वर्षभर एकाच जागी बसलेले रोप अचानक का रुसले, याचे उत्तर कधी कधी आकाशात असते.

मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि झेडझेड ही तीन रोपे नवख्यांसाठी योग्य. झेडझेडच्या मुळाशी पाणी साठवणारे कंद असतात आणि स्नेक प्लांट पानांत पाणी राखतो, म्हणून या दोहोंना माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. अरेका पाम मूळचा मादागास्करचा; त्याला उजेड व दमटपणा दोन्ही हवेत. डिफेनबेकियाचा रस तोंडात गेला तर जीभ व घसा सुजतो, मनीप्लांटचाही दाह होतो. रांगते मूल असलेल्या घरात ही रोपे हाती न लागतील अशी टांगावीत. कण्हेर तर सर्वांगाने विषारी आहे.

नर्सरीतील रोपांच्या गुणांबद्दल फार मोठे दावे केले जातात. १९८९ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने बंदिस्त लहान पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून 'हवा शुद्ध करणारी रोपे' ही कल्पना रुजली. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा असे दिसले की, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटर जागेत दहापासून हजारपर्यंत रोपे लागतील. हवेसाठी खिडकी उघडावी आणि रोप त्याच्या स्वतःसाठी ठेवावे.

दुकान, पेढी आणि प्रवास

व्यापारी घरातील मंडळींचा दिवस दुकानातच सरतो. गल्ल्याजवळ रोप ठेवायची हौस असेल तर ट्यूबलाइटच्या उजेडावर तगणारे झेडझेड निवडावे. जोडीला दुसरे तसेच रोप घरी ठेवून दर पंधरा दिवसांनी त्यांची अदलाबदल करावी, म्हणजे दोघांनाही उजेडाचा वाटा मिळतो. उदबत्तीचा धूर आणि रस्त्याची धूळ पानांवर बसते. शटर वर करतानाच आठवड्यातून एकदा पाने पुसण्याचा नेम ठेवावा.

लग्नकार्य किंवा यात्रेसाठी आठ-दहा दिवस घर बंद राहणार असेल तर सर्व कुंड्या भरपूर पाणी घालून सावलीत एकत्र मांडाव्यात. त्यांच्यामध्ये थोड्या उंचीवर पाण्याची बादली ठेवून तिच्यातून प्रत्येक कुंडीच्या मातीत सुती दोरीची जाड वात सोडावी. लागेल तसे पाणी वातीतून झिरपत राहते. बादलीवर फडके घट्ट बांधावे, म्हणजे पाण्यात जीव पडून मरत नाहीत आणि डासही होत नाहीत.

पुढील ऋतूंची नोंद

वर्षाची उरलेली कामे थोडक्यात अशी. गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास करावी. सुमारे दीड महिन्यात फुले येतात. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब रात्री लागतात, म्हणून दिवाळीच्या आधीच्या दिवसांत ती रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवू नये. मोगरा डिसेंबर-जानेवारीत छाटला की उन्हाळ्यात बहरतो. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारे पुष्पप्रदर्शन ज्यांना पाहता येईल त्यांनी अवश्य पाहावे; कुंडीत काय साधता येते याचा तेथे प्रत्यय येतो. मार्चपासून पुन्हा उन्हाची तयारी : हिरवी जाळी, मातीवर सुक्या पानांचे आच्छादन आणि पहाटेचे पाणी.

या साऱ्या कामांना पैसा फारसा लागत नाही. वीस कुंड्यांची रोहिणीची मशागत दोन रविवारांत उरकते. घरातील आजोबांनी माती कालवावी, सुनेने मुळे पाहावीत, नातवंडांनी छिद्रे मोकळी करावीत आणि खताच्या पिशवीवरील बारीक अक्षरे त्यांच्याकडूनच वाचून घ्यावीत. ज्या मुलाने मे महिन्यात काडीने छिद्र मोकळे केले आहे, ते मूल श्रावणात पिवळे पान दिसताच बाटली शोधत नाही. आधी मातीत बोट घालून पाहते.